बेर्साल्येरीची पिसांची टोपी घरी कशी बनवायची, आणि ती घालून पळायचं कसं

सोसायटीच्या गणपतीत फॅन्सी ड्रेस म्हटलं की तेच, तीन मावळे, दोन झाशीच्या राण्या, एक कोळीण आणि एक गपगार उभं राहिलेलं झाड. यंदा पोराला वेगळं काही करायचं असेल तर इटलीच्या बेर्साल्येरी सैनिकाची टोपी करा. काळी चकचकीत, रुंद काठाची, उजव्या बाजूला काळ्या-हिरव्या पिसांचा भलामोठा तुरा. दिसायला एक नंबर, खर्च फार नाही, फक्त एक अट आहे, ही टोपी डोक्यावर घेऊन पळता आलं पाहिजे. ही माणसं परेडमध्येसुद्धा चालत नाहीत, पळतात, त्यामुळे नुसती फोटोत छान दिसणारी टोपी काही कामाची नाही.

आधी थोडक्यात हे लोक कोण ते सांगतो, कारण स्टेजवर माईकवाला विचारणारच. १८ जून १८३६ ला हे दल निघालं. तेव्हा इटली हा एक देशच नव्हता, तुरीनला सार्डिनियाचं राज्य होतं आणि अलेस्सांद्रो ला मार्मोरा नावाच्या कॅप्टनने राजा कार्लो अल्बेर्तोला पटवलं की मुख्य फौजेच्या पुढे पसरून, आडोसे धरत पळत जाऊन नेम मारणारी चपळ पोरं, म्हणजे लाइट इन्फंट्री, पाहिजेत. नवीन ड्रेस राजाला दाखवायला ज्या जवानाला घालून नेलं तो जुझेप्पे वायरा, म्हणून टोपीला अजूनही वायरा म्हणतात. पहिली मोठी लढाई गोइतोची, एप्रिल १८४८, त्यात खुद्द ला मार्मोराच्या जबड्यात गोळी बसली. त्यातून वाचला आणि १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात कॉलऱ्याने गेला.

आता सामान. जाड पुठ्ठा, जुने पेपर, फेविकॉल, काळं चकचकीत रेक्झिन (रिक्षाच्या सीटचं काम करणाऱ्याकडे तुकडा सहज मिळतो), रेक्झिन चिकटवायला फेविबॉण्ड, लोहार चाळीतून किंवा नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून बायंडिंग वायर, काळा दोरा, हनुवटीखालच्या पट्ट्यासाठी जुन्या पर्सचा बंद, आणि पिसं. थर्माकोल नको, एकतर बंदी आहे आणि दुसरं म्हणजे पहिल्याच उडीत तुटतं.

टोपीचा डोक्यावरचा भाग पातेल्यावर करायचा. पोराच्या डोक्याचा घेर टेपने मोजा, त्याहून एखादा सेंटीमीटर जास्त घेर असलेलं सरळ कडांचं पातेलं शोधा, पालथं घाला, बाहेरून खोबरेल तेल लावा आणि पेपरच्या पट्ट्या पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून पाच-सहा थर द्या, साधारण १० सेंटीमीटर उंचीपर्यंत. गणपतीचे दिवस म्हणजे पाऊस असतोच, त्यामुळे पंख्याखाली दोन दिवस तरी धरा. अगदी कडक व्हायच्या आत पातेलं काढून दोन्ही बाजूंनी हलकं दाबा, कारण पातेलं गोल असतं आणि डोकं लांबट. काठ पुठ्ठ्याच्या दोन थरांचा, ७ सेंटीमीटर रुंद, आतल्या बाजूला दीड सेंटीमीटर जास्त ठेवून कातरे मारायचे आणि ते वर वळवून डोक्याच्या भागाला आतून चिकटवायचे. मग वरून रेक्झिन, दोन्हीकडे फेविबॉण्ड लावून दहा मिनिटं थांबा आणि मगच दाबा. घाई केली की फुगे येतात आणि फुगे आलेली टोपी लांबूनसुद्धा कळते.

पिसं हा खरा विषय. मुळात तुरा असतो गालो चेद्रोने नावाच्या पक्ष्याच्या पिसांचा, युरोपातल्या डोंगरी जंगलातला टर्कीएवढा काळा पक्षी, पिसांवर हिरवट झाक. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी चीज म्हणजे गावठी कोंबड्याची शेपटी! लांब वाकडी पिसं, काळी पण उन्हात धरली की हिरवी-निळी चमकतात. चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो आधी विचित्र नजरेने बघेल आणि मग पिशवीभर देईल. घरी आणल्यावर कोमट पाण्यात शाम्पू घालून धुवायची, पेपरवर पसरून सुकवायची, मग झिपच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये टाकायची म्हणजे काही किडा असेल तर मरतो (घरच्यांना आधी सांगा, नाहीतर बर्फ काढायला गेलेलं माणूस किंचाळेल). शेवटी चहाच्या वाफेवर एकेक पीस धरलं की दबलेले केस परत फुलतात. क्रॉफर्ड मार्केटला रंगवलेली तयार पिसं मिळतात, पण ती मऊ बोआची (गळ्यात घालायच्या पिसांच्या माळेची) असतात, लोंबतात, पळताना काठीसारखी मागे उडत नाहीत, मला तरी आवडत नाहीत.

तुरा बांधायचा गजऱ्यासारखा. २५ सेंटीमीटर तार दुहेरी घ्या, टोकाला सगळ्यात लांब पिसं लावा आणि दोऱ्याचे वेढे घेत मागे मागे येत छोटी पिसं भरत जा, प्रत्येक जुडगं आधीच्याचा देठ झाकेल असं. तारेचं टोक रिकाम्या बॉलपेनच्या नळीत घट्ट बसवून ती नळी टोपीच्या उजव्या बाजूला शिवायची, चिकटवायची नाही, शिवायची. तुरा उजवीकडेच, आणि टोपीसुद्धा उजव्या भुवईकडे कललेली. असं सांगतात की नेम धरताना उजव्या डोळ्यावर सावली पडावी म्हणून ही जागा. पुढच्या बाजूला हिरवा-पांढरा-लाल गोल बिल्ला आणि त्यावर सोनेरी कागदाचं चिन्ह, एकमेकांवर आडव्या दोन बंदुका, शिंग आणि पेटता गोळा, त्याची ज्वाळा सरळ वर नाही तर मागे वाकलेली काढा, पळताना वाऱ्याने वाकते तशी. कॉलरला किरमिजी रंगाच्या दोन टोकांच्या ज्वाळा शिवल्यात तर जाणकार माणूस टाळ्या वाजवेल.

एवढा उटारेटा जमत नसेल तर शॉर्टकट आहेत आणि दोन्ही इतिहासाला धरून आहेत. एक, किरमिजी फेझ टोपी आणि तिला लांब निळा गोंडा. ही बेर्साल्येरींनी क्रिमियात फ्रेंचांच्या झुआव्ह पलटणींकडून उचलली, आता रोजच्या वापराला घालतात. दुसरा, सायकलचं हेल्मेट काळं करून त्याला हाच तुरा, कारण लढाईतसुद्धा ते हेल्मेटला पिसं लावतातच आणि पहिल्या महायुद्धात त्यांच्या सायकलवाल्या तुकड्या होत्या, घडी घालून पाठीवर घ्यायच्या सायकली. एन्रिको तोती याच सायकलवाल्यांत होता. रेल्वेच्या अपघातात एक पाय गेलेला, तरी हट्टाने आघाडीवर पोचला आणि ६ ऑगस्ट १९१६ ला जखमी अवस्थेत शत्रूवर कुबडी फेकून मेला, अशी कथा इटलीत प्रत्येकाला माहीत असते. पोराला नाटकी काही करायचं असेल तर कुबडी हा प्रॉप भारी आहे, फक्त प्रेक्षकांत फेकू देऊ नका.

आता पळणं. टोपीच्या आत उजवीकडे जुन्या योगा मॅटची पट्टी चिकटवा, तुऱ्याच्या वजनाने टोपी तिकडे फिरते. पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट. मग गच्चीवर नेऊन पळवा, खाली पार्किंगमध्ये नको, तिथे वारा लागत नाही. त्यांच्या बँडला फानफारा म्हणतात, नुसती पितळी वाद्यं, ढोल नाही ताशा नाही (आपल्याला पटणं अवघड आहे, पण नाही), आणि पळत पळत वाजवतात, मिनिटाला साधारण १८० पावलांचा वेग. मोबाईलवर मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिकटिक ठोके देणारं ॲप) १८० ला लावा, पोराला म्हणावं ढांगा मोठ्या नको, छोटी पावलं, छाती पुढे, खांदे स्थिर. रोममध्ये २ जूनला होणाऱ्या परेडचे व्हिडिओ दाखवा म्हणजे समजावत बसावं लागत नाही.

माईकवर बोलायला दोन वाक्यं पाठ करून घ्या. एक रोमच्या पोर्ता पिया दरवाज्याचं, २० सप्टेंबर १८७० ला तिथली भिंत तोफांनी फोडल्यावर आत घुसलेल्यांत बेर्साल्येरी होते, आणि आज त्यांचं म्युझियम त्याच दरवाज्यात आहे. दुसरं आपलं, कारण लाइट इन्फंट्री आपल्याकडेही आहे, मराठा लाइट इन्फंट्री, आणि त्यातल्या यशवंत घाडगेंना जुलै १९४४ मधल्या आणि नामदेव जाधवांना एप्रिल १९४५ मधल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच, समोर तेव्हा जर्मन होते. घाडगेंचा पुतळा माणगावला आहे, गोव्याला जाता-येता बघता येतो. हे वाक्य आलं की परीक्षक काका सरळ बसतात.

कार्यक्रम झाल्यावर तुरा नळीतून उपसून वेगळा ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते, पेपरमध्ये सैल गुंडाळून दोन डांबरगोळ्या टाका आणि कपाटाच्या वरच्या खणात आडवा ठेवा. टोपी पातेल्यावरच पालथी ठेवली तर आकार टिकतो, म्हणजे ते पातेलं पुढच्या वर्षापर्यंत गेलंच समजा.