स्लीव्हनंतरची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी असते

माझं वजन 112 किलो होतं तेव्हा वजन कमी करण्यासाठी जठराचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं. यात जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढतात, आणि भूक चाळवणारं घ्रेलिन हे संप्रेरक जिथे जास्त तयार होतं तो भागही त्यासोबत जातो. पहिल्या वर्षी मला भूक अशी लागलीच नाही. वजन 76 वर आलं. दुसऱ्या वर्षी त्यातले सहा किलो परत चढले, आणि ते पोळीभाताने नाही, चिवड्याने चढले.

अंडं, पनीर, मासे लहान जठरात थांबतात, चार घासांत पोट भरतं. चिवडा, चहात बुडवलेली खारी, आइस्क्रीम मात्र मऊ होऊन सरकून जातात. पोट भरल्याचं कळतच नाही. शाळेतून घरी आल्यावर वही तपासता तपासता मी तासभर बशीतून चिवडा उचलत असे. आहारतज्ज्ञ ताईंनी आठ दिवस तोंडात गेलेला प्रत्येक घास लिहायला लावला, तेव्हा उघड झालं: प्रथिनं दिवसाला जेमतेम 35 ग्रॅम. मला किमान 60 सांगितली होती.

म्हणून आधी वही करा. मग ताटातला क्रम बदला: प्रथिनं पहिली, भाजी नंतर, पोळी जागा उरली तर. माझा हिशोब असा. सकाळी दोन अंडी (12 ग्रॅम). दुपारी वाटीभर घट्ट वरण (7) आणि पन्नास-साठ ग्रॅम पनीर (10). चारच्या सुमाराला मूठभर फुटाणे (6), नीट चावून. रात्री शंभर ग्रॅम बांगडा किंवा चिकन (20), वर थोडं दही. झाले साठच्या आसपास.

जेवताना पाणी नको. जेवणानंतर अर्धा तास थांबायचं, मग दिवसभर घोट घोट. वाटी लहान, चमचा लहान, वीस मिनिटं. छातीत दाटल्यासारखं वाटलं की तिथेच थांबा. उरलेला एक घास वाया जातो म्हणून गिळू नका. मी गिळला आहे, आणि मग तासभर उलट्या काढल्या आहेत.

उपवासाचं स्पष्ट सांगते: साबुदाणा खिचडी म्हणजे बहुतेक पिष्ट आणि तूप. मी संकष्टी आता दूध, दही, पनीर आणि शेंगदाण्यांवर करते. सासूबाईंना आधी पटलं नाही. रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यासमोर वाचला, तेव्हापासून पनीर त्याच आणून ठेवतात.

लग्नाच्या पंगतीत आग्रह होतोच. मी घरून एक अंडं खाऊन निघते आणि पानात अर्धी जिलबी वाढून घेते. जठराचा बायपास (वजन कमी करण्याचं दुसरं ऑपरेशन, हृदयाचं नव्हे) झालेल्यांनी तीही जपूनच खावी. गोड झपाट्याने आतड्यात उतरलं की घाम, धडधड, चक्कर येते. त्याला डम्पिंग म्हणतात.

बी12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. वजन दोन किलो वाढलं तर लाजून तपासणी टाळू नका. मी सहा महिने टाळली होती. ताई रागावल्या नाहीत, त्यांनी फक्त वही मागितली.