बाळाला अंगावर कसं घ्यावं: बाळंतपणाचे पहिले दहा दिवस

बाळंतपणाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "हिला दूधच नाही." बाळ रडत असतं, आई रडकुंडीला आलेली असते आणि कुणीतरी वरच्या दुधाचा डबा आणायला निघालेलं असतं. त्याला दारातच थांबवा. खरोखरच दूध न येणाऱ्या बायका फार थोड्या. बहुतेक वेळा दूध असतं, बाळही छातीशी असतं, पण त्याच्या तोंडात नुसती बोंडशी असते. दूध बोंडशीत साठत नाही. ते मागे स्तनात असतं आणि बोंडशीभोवतीचा काळा भाग बाळाच्या तोंडात गेला तरच बाहेर येतं. म्हणून हा लेख मुख्यतः पकडीबद्दल आहे. बाकीचं थोडक्यात.

पहिला तास

बाळ जन्मलं की कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि दोघांवर मिळून एक पांघरूण घालायचं. वजन-मापं तासाभराने झाली तरी चालतात, आंघोळ तर किमान २४ तास नकोच. सिझेरियन असेल आणि कमरेत भूल दिलेली असेल तर आई जागी असते, त्यामुळे तिथेही हे जमतं. तसं सांगून ठेवा.

सुरुवातीचा घट्ट, पिवळसर चीक काढून टाकू नका. पहिल्या दिवशी तो एका वेळी चमचाभरच येतो आणि बाळाला तेवढाच पुरतो. मधाचं बोट, गुळाचं पाणी, घुटी, ग्राइप वॉटर यातलं काहीही द्यायचं नाही. मध तर वर्षभर नाही. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने पाणीसुद्धा लागत नाही, मग वैशाख असो की मे महिन्यातला विदर्भ.

बसणं

पाठ भिंतीला किंवा उशीला टेकलेली, खांदे सैल. मांडी घालून बसलात तर मांडीवर एक-दोन उशा ठेवा, म्हणजे बाळ स्तनाच्या उंचीला येईल. वाकून पाजलं की पाठ भरून येते आणि बाळाच्या तोंडातून स्तन निसटतो. टाके असतील तर कुशीवर झोपून पाजा. सिझेरियनच्या टाक्यांवर भार नको असेल तर बाळाचे पाय आपल्या काखेखालून मागे जातील असं त्याला बाजूला धरा. बाळाला घट्ट गुंडाळलं असेल तर पाजताना सोडा. गाठोड्यातल्या बाळाला अंगाशी चिकटता येत नाही, शिवाय ऊब लागून ते झोपी जातं.

पकड: इथेच सगळं अडतं

समजा डाव्या बाजूला पाजायचं आहे. बाळाला उजव्या हातावर घ्या. तुमचा तळहात त्याच्या खांद्यांमागे आणि मानेखाली असेल, बोटं कानांच्या मागे. बाळाचं पोट तुमच्या पोटाला लागलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. मान वळवून प्यावं लागत असेल तर त्याला गिळता येत नाही. हवं तर स्वतः मान खांद्याकडे वळवून पाण्याचा घोट घेऊन पाहा.

डाव्या हाताने स्तनाला खालून आधार द्या: चार बोटं खाली, अंगठा वर, दोन्ही काळ्या भागापासून लांब. दोन बोटांच्या कात्रीत बोंडशी पकडून बाळाच्या तोंडात द्यायची रीत घरोघरी शिकवली जाते. ती सोडा. ती बोटं नेमकी त्याच जागेवर असतात जिथे बाळाचं तोंड पोहोचायला हवं.

आता बाळाचं नाक बोंडशीच्या समोर आणा. तोंड नव्हे, नाक. बोंडशी त्याच्या वरच्या ओठावर हलकेच टेकवा आणि वाट पाहा. ते चाटेल, डोकं हलवेल, ओठ थोडेसे उघडेल. अजून नाही. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडलं आणि डोकं किंचित मागे गेलं की त्या क्षणी बाळाला पटकन छातीकडे ओढा. आधी हनुवटी लागली पाहिजे आणि खालचा ओठ बोंडशीपासून जितका दूर टेकेल तितकं चांगलं. बाळाला स्तनाकडे आणायचं असतं. पुढे वाकून स्तन बाळाच्या तोंडात कोंबायचा नसतो. आणि डोकं मागून दाबू नका, कुणाला दाबूही देऊ नका. मदतीच्या भरात सासू, आई, नर्स सगळ्याजणी तेच करतात. डोक्यावर दाब आला की बाळ मागे रेटा देतं, नाक दबतं, ते घाबरतं आणि दोन-तीन वेळा असं झालं की छाती दिसताच रडायला लागतं. मग म्हणायचं, "बाळ अंगावर घेत नाही."

पकड बरोबर आहे हे चार खुणांवरून कळतं. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर उलटलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि काळा भाग खालच्या ओठाच्या बाजूला जवळजवळ दिसत नाही, वरच्या बाजूला थोडा दिसतो. चारपैकी एक जरी नसेल तरी पुन्हा लावा. सुरुवातीला बाळ भराभर चोखतं. पान्हा फुटला की वेग मंदावतो: खोल चोखणं, क्षणभर थांबणं, गिळल्याचा हलका आवाज. गालांना खळ्या पडत असतील किंवा चक-चक आवाज येत असेल तर हवा जाते आहे.

दुखण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पहिल्या काही दिवसांत पकडताना अर्धा मिनिट कळ येऊ शकते. त्यापुढे दुखत राहिलं तर पकड चुकली आहे. "सुरुवातीला सगळ्यांनाच होतं, सोस थोडं," हा सल्ला ऐकूनच चिरा पडतात. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांच्या मध्ये सरकवा, चोख सुटू द्या आणि पुन्हा लावा. दहा वेळा करावं लागलं तरी दहा वेळा करा. नुसतं ओढून काढलंत तर कातडी निघते. पाजून झाल्यावर बोंडशी पाहा. ती गोल असायला हवी. बोरूच्या टोकासारखी तिरकी किंवा चपटी झालेली असेल तर ती बाळाच्या हिरड्या आणि टाळू यांच्यात चेपली गेली होती. चिरेवर शेवटचे दोन थेंब दूध लावून वाळू द्या. साबण, डेटॉल काही नको. पण मलम कुठलंही लावा, पकड सुधारल्याशिवाय चीर भरत नाही.

बोंडशी चपटी असली तरी बहुतेक बाळं पिऊ शकतात, कारण पकडायचा असतो स्तन. ती खरोखर आत ओढलेली असेल तर १० किंवा २० मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. सुई लागते ते टोक ब्लेडने कापा, दट्ट्या कापलेल्या बाजूने घाला आणि गुळगुळीत बाजू बोंडशीवर ठेवून दट्ट्या अलगद ओढा. अर्धा ते एक मिनिट धरा, दुखलं तर सैल सोडा. हे बाळंतपणानंतर, पाजायच्या अगदी आधी करायचं. गरोदरपणात बोंडशी ओढत बसायची गरज नाही.

छाती दाटली तर

वार पडल्यावर शरीरातले संप्रेरक बदलतात आणि साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. सिझेरियननंतर एखादा दिवस उशीर होतो. यावेळी स्तनात दुधाबरोबर रक्त आणि पाणीही साचतं, म्हणून ते दगडासारखे होतात, त्वचा चकाकते आणि काळा भाग इतका ताणला जातो की बाळाची पकड घसरते. दूध भरपूर आणि बाळ उपाशी, असा हा दिवस.

आधी काळा भाग मऊ करा. बोंडशीच्या बुडाशी दोन्ही हातांची बोटं गोलाकार टेकवून छातीच्या दिशेने सावकाश दाबा आणि मिनिटभर तशीच धरा. नखं कापलेली हवीत. सूज मागे सरते आणि बाळाला पकडायला जागा होते. तरीही जमेना तर थोडं दूध हाताने काढा: अंगठा वर, तर्जनी खाली, बोंडशीपासून साधारण ३ सेंटिमीटर मागे. बोटं छातीकडे दाबायची, मग एकमेकांकडे, मग सैल. कातडीवरून बोटं घासायची नाहीत, बोंडशी पिळायची नाही. काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजा. भांडं दर वेळी उकळून घ्या. बाटली नको.

पाजण्याआधी दोन-तीन मिनिटं कोमट ओलं फडकं, पाजून झाल्यावर दहा मिनिटं थंड फडकं. मालिशवाल्या मावशींना सांगा की छातीला तेल लावा, पण गाठी रगडून मोडू नका. रगडल्याने सूज वाढते. आणि दूध वाढेल म्हणून पाणी तोडायचं नाही. तहान लागेल तेवढं प्या.

एका बाजूला लाल, गरम, दुखरा पट्टा, अंगात कणकण, ताप, हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या बाजूने पाजणं चालू ठेवायचं. बंद केलं तर गळू होण्याचा धोका वाढतो.

दूध पुरतं का, हे लंगोटावरून मोजा

रडण्यावरून नाही, स्तन किती भरलेले वाटतात त्यावरूनही नाही. पहिल्या दिवशी किमान एक ओलं लंगोट, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत सहा किंवा जास्त. डायपरमध्ये हे कळत नाही, म्हणून पहिला आठवडा सुती लंगोटच बरे. शी काळ्या चिकट रंगावरून हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, ते दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत यावं. जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उतरलं तर त्याच दिवशी दाखवा.

२४ तासांत ८ ते १२ वेळा पाजायचं, त्यात रात्री किमान दोनदा. रात्री दूध तयार करणारं संप्रेरक जास्त असतं. "आईला झोपू दे, रात्री वरचं देऊ," म्हणणारे मायेनेच म्हणतात, पण स्तन भरलेले राहिले की दूध तयार होणं मंदावतं. डब्यातलं दूध एका वाटीने सुरू होतं आणि पंधरा दिवसांत अंगावरचं खरोखर कमी होतं. आईला झोप हवीच. ती दिवसा द्या: बाळ झोपलं की तीही झोपेल, भांडी-कपडे आणि बघायला येणारी माणसं दुसऱ्या कुणाकडे.

कुणी डब्याचं फुकट सॅम्पल हातात ठेवलं तर घेऊ नका. १९९२च्या कायद्याने ते वाटायला बंदी आहे. काही बाळांना वरचं दूध खरंच लागतं, ते डॉक्टर मोजून लिहून देतील. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळासाठी दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत शीव रुग्णालयात १९८९मध्ये आशियातली पहिली मानवी दूधपेढी सुरू झाली, आता आणखी मोठ्या रुग्णालयांतही आहेत.

आईचं

रोजचं पूर्ण जेवण आणि त्यावर साधारण ६०० कॅलरी जास्त. हळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाळंतशेपा आवडीने खा, पण भाजी, डाळ, भाकरी, अंडं यांच्या जागी नाही. नुसत्या तूप-लाडवावर ठेवलेल्या बाळंतिणीला बद्धकोष्ठ होतो आणि टाक्यांवर ताण येतो. लोहाची गोळी रोज १८० दिवस, कॅल्शियमची तितकेच दिवस, दोन्हींत दोन तासांचं अंतर. शेक-शेगडी आणि धुरी बंद खोलीत कधीही नको. कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं, १००.४ किंवा जास्त ताप, घाण वासाचा स्राव, जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, एका पोटरीला सूज आणि कळ: यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. बाळ प्यायला उठत नाही, श्वास मिनिटाला ६०च्या वर जातो, अंग गार किंवा तापलेलं आहे, पहिल्या दिवशीच पिवळं दिसतं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत गेला, तरी तेच. ही कावीळ कोवळ्या उन्हात धरून उतरत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांपुढे ते टिकलं, झोप उडाली, बाळाकडे पाहावंसं वाटेना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. इजेचे विचार असतील तर तिला क्षणभरही एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी येतात. माहेरी गेला असाल तर तिथल्या आशाताईंना आधीच कळवा. त्या आल्या की बाळाचं वजन करून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा पूर्ण पाजा, पहिल्या पकडीपासून बाळ आपणहून सोडेपर्यंत.