जुन्या राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल जर्सी जमवताना या चुका टाळा

दर चार वर्षांनी विश्वचषक जवळ आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये अर्जेंटिना, ब्राझील आणि जर्मनीचे झेंडे लागतात आणि तासाभराच्या अंतरावर असलेल्या सांगली-मिरजेतही तेच वारे वाहू लागते. अलीकडे या वेडातून राष्ट्रीय संघांच्या जुन्या, त्या त्या काळात तयार झालेल्या अस्सल जर्सी जमवण्याची हौस आपल्याकडच्या तरुणांत रुजली आहे. ही हौस चांगली आहे, खर्चिक आहे आणि तिला अभ्यास लागतो. अभ्यास वगळून बाकीचे उरकू पाहणारी मंडळी माझ्याकडे जर्सी खरी की खोटी हे विचारायला येतात, मात्र ती पैसे देऊन झाल्यावर येतात. पैसे देण्यापूर्वी विचारणारा मला क्वचितच भेटतो. त्यामुळे पुढील मजकुरात कोठे सूर चढा लागला, तर वाचकाने समजून घ्यावे.

पाठीवरच्या नावाला भुलणे

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे साल न पाहता खेळाडू पाहून जर्सी घेणे. मिरजेचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी अर्जेंटिनाची गडद निळी जर्सी घेऊन माझ्याकडे आला होता. पाठीवर दहा आकडा, त्याच्या वर ठसठशीत अक्षरांत मॅराडोनाचे नाव आणि किंमत साडेसात हजार रुपये. “काका, १९८६ ची आहे, इंग्लंडविरुद्धच्या सामन्यातली. विकणारा म्हणाला, प्लेअर एडिशन आहे, म्हणजे खेळाडूंसाठी बनवलेली,” असे तो मोठ्या उत्साहाने सांगत होता. मी जर्सी हातात घेतलीसुद्धा नाही. त्याला एवढेच विचारले, “अरे, त्या सामन्याची चित्रफीत पाहिली आहेस ना? त्यात कोणाच्या पाठीवर नाव दिसले?”

विश्वचषकात खेळाडूंची नावे जर्सीवर प्रथम आली ती १९९४ साली, अमेरिकेतील स्पर्धेत. त्यापूर्वीच्या कोणत्याही विश्वचषकाची म्हणून जी जर्सी पाठीवर नाव घेऊन येते, ती एक तर नंतर बनलेली असते किंवा तिच्यावर नंतर कोणीतरी नाव छापलेले असते. त्यातही २२ जून १९८६ च्या त्या निळ्या जर्सीची हकीकत या छंदातल्या माणसाला ठाऊक नसावी, हे मला खटकते. प्रशिक्षक कार्लोस बिलार्दो यांना संघाच्या सुती निळ्या जर्सी मेक्सिकोच्या उन्हात जड वाटल्या, म्हणून मेक्सिको सिटीतल्या दुकानांतून हलक्या निळ्या जर्सी आणवण्यात आल्या, त्यांवर घाईघाईने संघाचे बिल्ले शिवण्यात आले आणि अमेरिकन फुटबॉलसाठी वापरले जाणारे चंदेरी आकडे चिकटवण्यात आले. मिरजेच्या त्या जर्सीवरचा आकडा पांढराशुभ्र होता. विद्यार्थ्याने तिथूनच विक्रेत्याला फोन लावला, तेव्हा “कंपनीने नंतर काढलेला स्पेशल माल आहे,” असे उत्तर आले. म्हणजे पाच मिनिटांत जर्सी १९८६ मधून चालू दशकात आली. पैसे मात्र यूपीआयने थेट खात्यात गेलेले असल्यामुळे परत आले नाहीत.

नावासारखीच गफलत छातीवरच्या ताऱ्यांची होते. जिंकलेल्या विश्वचषकाचा तारा त्या स्पर्धेनंतर लागतो, ही साधी गोष्ट विक्रेते विसरतात आणि घेणारेही विसरतात. ब्राझीलने १९९४ चा विश्वचषक उंब्रो कंपनीच्या तीन ताऱ्यांच्या जर्सीत जिंकला. चौथा तारा त्यानंतरचा. फ्रान्सने १९९८ ची संपूर्ण स्पर्धा एकही तारा नसलेल्या जर्सीत खेळली. तेव्हा चार ताऱ्यांची ब्राझीलची जर्सी दाखवून ‘१९९४ च्या स्पर्धेतली’ असे कोणी म्हणत असेल, तर जर्सी बनावटच असेल असे नाही, कारण विजयानंतरही त्याच नमुन्याच्या जर्सी विकल्या गेल्या. पण सांगणारा तरी चुकत आहे किंवा फसवत आहे. उलट उरुग्वेने विश्वचषक दोनदाच जिंकला असूनही त्याच्या जर्सीवर चार तारे असतात, कारण १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदके ते त्यात धरतात. ते चार तारे पाहून जर्सी खोटी ठरवणारा एक अर्धवट पंडितही मी पाहिलेला आहे.

माझी सवय अशी की जर्सी विकत घेण्यापूर्वी त्या स्पर्धेतील त्या संघाचे किमान एक-दोन सामने आणि त्या वेळची छायाचित्रे बारकाईने पाहायची: गळ्याचा आकार, बाहीची पट्टी, आकड्याचे वळण आणि बिल्ल्याची जागा. याला एक संध्याकाळ लागते. ज्याला एक संध्याकाळ देता येत नाही, त्याने साडेसात हजार रुपये कशाला द्यावेत?

पंचाहत्तरपूर्व काळाचा मोह

पेलेची १९७० ची जर्सी सहा हजारांत मिळाली म्हणून आनंदणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, पेलेने त्या वर्षीच्या अंतिम सामन्यात वापरलेली जर्सी २००२ साली लंडनच्या लिलावात १,५७,७५० पौंडांना गेली. संघाच्या जर्सीच्या प्रतिकृती चाहत्यांना विकण्याचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो सत्तरच्या दशकाच्या मध्यात, इंग्लंडमध्ये ॲडमिरल कंपनीमुळे. त्याआधीची, दुकानातून घेतलेली, मोठ्या माणसाच्या मापाची राष्ट्रीय संघाची जर्सी समोर आली की मी ती नवी बनावट आहे असे धरूनच पुढे बोलतो. १९७४ च्या नेदरलँड्सच्या जर्सीबाबतही तेच. संघाचा कर्णधार योहान क्रायफ याचा करार पुमाशी असल्याने त्याच्या जर्सीच्या बाहीवर आदिदासच्या तीनऐवजी दोनच पट्ट्या होत्या, ही गोष्ट आता इतकी प्रसिद्ध आहे की बनावट जर्सी बनवणाऱ्यांनीही दोन पट्ट्या अचूक काढायला शिकून घेतले आहे. दोन पट्ट्यांवरून काहीही सिद्ध होत नाही.

समोरची बाजू पाहून निर्णय घेणे

विक्रेता फोटो पाठवतो तो समोरच्या बाजूचा. जर्सी जे काही सांगते, ते आतून सांगते. सांगलीत हरभट रस्त्याच्या परिसरातील एका जुन्या शिंप्याला फुटबॉलमधले काही कळत नाही, पण शंका आली की मी जर्सी घेऊन त्यांच्याकडे जातो. ते जर्सी उलटी करतात, बिल्ल्याच्या मागचा भाग उजेडाकडे धरतात आणि अंगठ्याने चाचपतात. एकदा २००२ ची म्हणून आलेल्या ब्राझीलच्या जर्सीच्या बिल्ल्यामागे बक्रम कात्रीने न कापता हाताने टरकावलेले होते, एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर गेलेले धागे तसेच सोडलेले होते आणि काखेतल्या ओव्हरलॉकचा, म्हणजे कडा बांधणाऱ्या शिलाईचा, दोरा एका बाजूला पिवळा व दुसऱ्या बाजूला पांढरा होता. “मामा, कसे वाटते?” असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पीसवर शिवलंय हो. घाई होती बिचाऱ्याला.” म्हणजे नगामागे मजुरी घेणाऱ्याचे काम. जुन्या अस्सल जर्सीतही एखादी शिवण वाकडी असू शकते, पण अशी सगळी लक्षणे एकाच कापडावर जमली की मी चर्चा थांबवतो.

आतील पट्टीचे, म्हणजे लेबलचेही तसेच आहे. २००० नंतरच्या नायकीच्या बहुतेक जुन्या जर्सीत लहान पट्टीवर सहा आकडे आणि त्यापुढे तीन आकडे असा क्रमांक असतो. तो इंटरनेटवर शोधला की तीच जर्सी दिसली पाहिजे. चड्डी किंवा दुसऱ्याच संघाची जर्सी दिसली, तर विषय संपला. पश्चिम जर्मनीच्या १९९० च्या, छातीवरून काळा-लाल-सोनेरी पट्टा गेलेल्या जर्सीच्या आतील पट्टीवर संकेतस्थळाचा पत्ता छापलेला मी पाहिला आहे आणि ती घेणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नव्हते. तीन पानांचे आदिदासचे जुने चिन्ह त्या जर्सीवर योग्यच आहे, परंतु तेच चिन्ह फ्रान्सच्या १९९८ च्या जर्सीवर दिसले तर ती जर्सी त्या स्पर्धेतली नव्हे. ‘पट्टी टोचत होती म्हणून कापली’ हे कारण मी ऐकून घेतो आणि किंमत निम्म्याहून खाली मागतो, कारण परवाना घेऊन बनवलेल्या नव्या प्रतिकृतींची पट्टी कापून त्या जुन्या म्हणून खपवणे ही या बाजारातली सर्वांत सोपी युक्ती आहे.

‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘थायलंड क्वालिटी’ हे नकली मालाला लावले जाणारे शब्द ज्या विक्रेत्याच्या तोंडी एकदा आले, त्याच्याकडून जुनी जर्सी घेऊ नये.

माप आतील लेबलवरून ठरवू नये. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजून मागावे.

परदेशातून मागवताना कुरिअर आणि सीमाशुल्क किमतीत धरावे. पार्सल मुंबईत अडकल्यावर हिशेब मांडण्यात अर्थ नसतो.

‘सामन्यात घातलेली’ यावर विश्वास ठेवणे

दुकानात विकलेली त्या काळची प्रतिकृती, खेळाडूंसाठी बनवलेली पण न वापरलेली जर्सी आणि प्रत्यक्ष सामन्यात घातलेली जर्सी या तीन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक असतो. घामाचा डाग, गवताचा हिरवा ठसा आणि विक्रेत्याची गोष्ट हा पुरावा नव्हे. गवत सांगलीच्या मैदानातही मिळते. मॅराडोनाची ती निळी जर्सी सामन्यानंतर इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने अदलाबदलीत घेतली होती आणि मे २०२२ मध्ये ती लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली. तिचा मालक, सामना, तारीख सर्व जगजाहीर होते. तरीही मॅराडोनाच्या मुलीने ती पहिल्या सत्रातली जर्सी असल्याचा, म्हणजे दुसऱ्या सत्रातले त्याचे ते दोन प्रसिद्ध गोल तिच्यात झालेले नसल्याचा दावा केला, आणि लिलाव करणाऱ्यांना सामन्याच्या छायाचित्रांशी जर्सीचे बारकावे ताडून पाहावे लागले. तिथे ही कथा, तर समाजमाध्यमावरच्या विक्रेत्याने ‘भावा, मॅच वर्न आहे’ म्हटल्यावर तीन हजार रुपये जास्त देणाऱ्याला काय म्हणावे?

धुऊन, इस्त्री करून ‘नवी’ करणे

एवढे करून खरी जर्सी हाती आली की आमचे लोक ती घरीच खराब करतात. जुन्या जर्सीचे कापड बहुधा पॉलिएस्टरचे असते आणि ते चिवट असते. नाजूक असतात ते त्यावरचे मखमली किंवा प्लॅस्टिकचे आकडे आणि त्यांच्याखालचा वाळत चाललेला गोंद. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातील एका परिचितांच्या घरात पाणी शिरले. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी ऐकून त्यांनी धान्य, कागदपत्रे, टीव्ही वरच्या मजल्यावर नेले आणि जर्सीची पेटी मात्र खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर पेटी उघडली, तेव्हा इंग्लंडची १९९० ची उंब्रोची पांढरी जर्सी गाळाने माखली होती, पण ती सुस्थितीत होती. गाळ थंड पाण्याच्या चार-पाच हातांत निघाला असता. घर निर्जंतुक करायला ब्लीचिंग पावडर आलेली होती. त्यांनी ती बादलीत कालवून जर्सी रात्रभर भिजत ठेवली आणि सकाळी दमटपणा जावा म्हणून गरम इस्त्री फिरवली. माझ्याकडे आली तेव्हा पाठीवरचा आकडा निम्मा इस्त्रीला चिकटून गेलेला होता, उरलेला जळक्या सायीसारखा आकसला होता आणि पांढरे कापड पिवळट पडले होते. महापुराने जे केले नाही, ते एका रात्रीत घरच्या बादलीने केले.

माझी पद्धत साधी आहे. जर्सी उलटी करून थंड पाण्यात, लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणाऱ्या पातळ साबणाच्या थोड्या थेंबांत हाताने बुचकळावी, पिळू नये, टॉवेलवर पसरून सावलीत वाळवावी आणि इस्त्री कधीही करू नये. डाग हट्टी असेल तर तो राहू द्यावा. तीस वर्षांच्या जर्सीवर तीस वर्षांचा डाग असणे हे वैगुण्य नाही. सुटत आलेला बिल्ला फेव्हिक्विकने चिकटवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडून जर्सी घेत नाही.

ठेवण्याची जागा आपल्या हवेप्रमाणे निवडावी लागते. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला, आणि भर पावसात साताऱ्यातही, बंद कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडून ती अधिकच वाढते. पांढऱ्या टिश्यू कागदात, आकडा दुमडणार नाही अशा बेताने सैल गुंडाळून जर्सी उंच फळीवर ठेवावी आणि उघडीप पडली की बाहेर काढून वारा द्यावा. वर्तमानपत्रात गुंडाळू नये, शाई उतरते. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. पॉलिएस्टरला कसर लागत नाही, उलट त्या गोळ्यांमुळे प्लॅस्टिकचे आकडे मऊ पडून चिकट होतात.

स्वतःच्या देशाकडे दुर्लक्ष

ब्राझील-अर्जेंटिनाच्या मागे धावताना भारताच्या जर्सी कोणी जमवत नाही, याचे मला नवल वाटते. २००६ पासून २०१८ पर्यंत भारतीय संघ नायकीच्या जर्सीत खेळला. याच काळात, १९८४ नंतर प्रथमच, भारत २०११ च्या दोहा येथील आशिया चषकात उतरला आणि माजी कर्णधार बाइचुंग भुतियाचा निरोपाचा सामना जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध झाला. या जर्सी अजून लोकांच्या कपाटांत पडून आहेत आणि त्यांचे मालक आपल्याला समोरासमोर भेटू शकतात, ही सोय इंग्लंडच्या जर्सीबाबत सांगलीत बसून मिळणार नाही. अशी जर्सी मिळाली तर देणाऱ्याला ती कोठून, कधी आणि कोणत्या सामन्याच्या निमित्ताने मिळाली हे विचारून कागदावर तारखेसह लिहून घ्यावे, त्यावर त्याची सही घ्यावी आणि तो कागद जर्सीला टाचणी न लावता तिच्यासोबत वेगळ्या पाकिटात ठेवावा.