जामीन मंजूर, पण जामीनदार नाही: माझा अनुभव

धाकट्या भावाला मुंबईच्या कोर्टात १५,००० रुपयांचा जामीन मंजूर झाला, अट एका जामीनदाराची. आम्ही परभणीचे, मुंबईत ओळखीचं कुणी नाही. मामांचा सातबारा आणि ऐपतीचा दाखला पडताळणीत अडकला. कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे जामीनदार असतात, त्यांच्या नादी लागू नका. कागद खोटे निघाले तर जामीनच जातो. जामीन मिळूनही भाऊ आतच, जीव नुसता तळतळायचा.

शेवटी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेलो (फोन १५१००). कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आधी जामिनाच्या हुकमाची नक्कल दिली. मग वकीलपत्रावर तुरुंगात भावाची सही आणि अधिकाऱ्याचा शिक्का घेतला. त्यानंतर अर्ज: जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्यावी, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४९०. सोबत सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश जोडले. स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असं त्यात सुचवलंय.

अर्ज मंजूर झाल्यावर पैसे भरले, पावती दाखवली, सुटकेचा हुकूम निघाला. तो हातात येताच तिथेच वाचा: कैद्याचं, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, कलमं तुरुंगातल्या नोंदीशी जुळलीच पाहिजेत. आमच्या हुकमात आडनावाची वेलांटी चुकली होती, लगेच दुरुस्त करून घेतली. हुकूम संध्याकाळच्या आत तुरुंगात पोचवा, नाहीतर सुटका दुसऱ्या दिवशी. पावती जपा, खटला संपल्यावर रक्कम परत मागताना ती लागते.