आतड्यातल्या पिशव्या आणि आपलं ताट: कधी चोथा खावा, कधी थांबावं

कोलोनोस्कोपीच्या (मोठं आतडं दुर्बिणीने आतून तपासण्याच्या) रिपोर्टवर ‘डायव्हर्टिक्युलोसिस’, म्हणजे मोठ्या आतड्याला पिशव्या आल्यात, असं लिहून आलं की घरात पहिला प्रश्न ठरलेला: आता काय काय बंद? आमच्या सासऱ्यांचा रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी पेरू, तिळाची चटणी आणि भाजलेले शेंगदाणे बाद झाले. बी पिशवीत अडकते आणि पिशवी सुजते, हा जुना समज. पूर्वी डॉक्टरही हेच सांगत. २००८ साली अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाणे आणि मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांना त्रास जास्त तर नव्हताच, उलट थोडा कमीच दिसला. चटणी पुन्हा ताटात आली.

१. आधी अवस्था ओळखा

मोठ्या आतड्याच्या भिंतीतून बाहेर फुगलेल्या या बारीक पिशव्या. नुसत्या असतील तर बहुतेकांना काही जाणवतही नाही. एखादी सुजली की त्याला डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात: खालच्या पोटात सतत दुखणं, ताप, मळमळ. दुखणं बरेचदा डावीकडे असतं. आपल्या आशियात ते उजवीकडेही आढळतं, मग अपेंडिक्सचा संशय येतो. या दोन अवस्थांचा आहार एकमेकांच्या उलट आहे, आणि घोळ होतो तो इथेच. सूज असताना कोणी पोट साफ व्हावं म्हणून कच्ची कोशिंबीर खातं, कोणी बरं झाल्यावरही सहा महिने मऊ भातावरच असतं.

२. सूज असताना

डॉक्टरांना दाखवूनच. ते सांगतील तेवढे दिवस पातळ: पेजेची वरची निवळ, गाळलेलं वरणाचं पाणी, शहाळं, लिंबाचं सरबत. दुखणं उतरलं की मऊ भात, मूगडाळीचं पातळ वरण, साल-बिया काढून शिजवलेला दुधी. निव्वळ पाण्यावर दिवसचे दिवस काढू नका. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल तर डोस आधी विचारून घ्या.

३. चोथा परत आणताना

दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा (फायबर) हे उद्दिष्ट, पण आठवड्याभरात नव्हे. दर तीन-चार दिवसांनी एकच पदार्थ वाढवा, नाहीतर पोट नगाऱ्यासारखं फुगतं आणि माणूस सगळंच सोडून देतो. ज्वारीच्या पिठात १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम चोथा असतो, म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या भाकरीत सहा. पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. गव्हाचं पीठ गिरणीतून आणलं की चाळणीत राहिलेला कोंडा फेकू नका. चाळायचंच असेल तर किडे-खडे निघतील एवढ्या मोठ्या भोकांची चाळणी घ्या. उसळ अर्ध्या वाटीपासून, नीट शिजवून, हिंग घालून. पेरू चालतो. एखाद्या पदार्थाने तुम्हाला हमखास त्रास होत असेल तर तेवढाच सोडा.

इसबगोल घ्यायचं तर एक चमचा, भरलेल्या पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यायचं. पाच मिनिटं ठेवलंत तर चमचा उभा राहील अशी खळ होते, आणि पाणी कमी पडलं तर पोटातही घट्टपणाच वाढतो. इतर गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा. चोथा वाढला की पाणीही वाढवायचं. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून सांगितलं असेल त्यांनी मात्र आधी विचारावं.

४. ताटाबाहेरचं

मटण रोजचं नको, सिगरेट नकोच. रोज चाला. अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी या पिशव्यांतून रक्तस्रावाचा धोका वाढतो. सुजेचा झटका येऊन गेला असेल तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करायची का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि ताप चढतोय, उलट्या थांबत नाहीत, पोट फळीसारखं कडक झालंय किंवा शौचातून रक्त जातंय, अशा वेळी पेज शिजत घालू नका. थेट दवाखाना गाठा.