पूर ओसरल्यावर घरमालकाचं काम: यादी मात्र मे महिन्यात

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. नदी किती फुटांवर गेली की आपल्या खोल्यांत पाणी शिरतं, हे २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या घरमालकाला पाठ असतं. नव्या भाडेकरूला ते कुणी सांगत नाही. करार करतानाच सांगा, आणि २०१९ च्या पाण्याची रेघ भिंतीवर रंगाने मारून ठेवा. शक्य असेल तर त्या रेघेखालचे सॉकेट पावसाळ्याआधी वर घ्या. मेन स्विच तर नक्कीच.

करारातही दोन ओळी घाला: घर राहण्याजोगं नसेल तितक्या दिवसांचं भाडं लागणार नाही, आणि पुराने झालेलं नुकसान डिपॉझिटमधून कापलं जाणार नाही. बहुतेक भांडणं याच दोन गोष्टींवरून होतात. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो दोघांकडेही असू द्या. विमा इमारतीचा तुम्ही घ्यायचा, सामानाचा भाडेकरूने. तुमच्या पॉलिसीत त्याचं कपाट आपोआप येत नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

पाणी उतरलं की पहिली जबाबदारी विजेची. भाडेकरू घाईने फ्रिज लावून बघतोच, म्हणून मेन बंद करून त्यावर चिठ्ठी लावा. बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड होताच वीज आपोआप तोडणारे स्विच) वाळवून वापरू नका. आत बारीक गाळ राहतो, संपर्क गंजतात, आणि ऐन वेळी ते पडत नाहीत. बदलाच. भिंतीतल्या वायरिंगच्या पाइपांत पाणी साचून राहतं. परवानाधारक वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासणी करा, १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती लाइन सुरू करायची नाही. अर्थिंगही तपासून घ्या. या वायरमनशी मे महिन्यातच बोलून ठेवा, कारण पुरानंतर तो आठ-आठ दिवस फिरकत नाही.

मातीत बांधलेली जुनी भिंत पाण्यात उभी राहते आणि पाणी ओसरल्यावर पडते. भिजलेल्या मातीची ताकद गेलेली असते आणि बाहेरून पाण्याचा आधारही सुटतो. अशा घरात इंजिनिअरने पाहिल्याशिवाय कुणालाही, सामान काढायलासुद्धा, आत सोडू नका. पक्क्या घरात दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरकी गेलेली भेग शोधा. तिच्यावर पीओपीचा पातळ लेप द्या, तारीख लिहा. लेप तडकला तर पाया अजून बसतोय. तळघरातलं पाणी एका दमात उपसू नका. बाहेरची जमीन भिजलेली असताना आतला दाब गेला की भिंत आत येते. दिवसाला साधारण एक तृतीयांश पुरे.

गाळ ओला असतानाच काढा, वाळला की फोडावा लागतो. त्याआधी फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. रंगाची घाई करू नका: दीड फूट बाय दीड फुटाचं प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बसवा, दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले तर थांबा. खालची टाकी घासून धुवा, भरा, आणि दर १००० लिटरला २५ टक्के क्लोरीनची २०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून २४ तास ठेवा. ते पाणी सोडून द्या, पिऊ नका. पावडर अॅसिडमध्ये कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो.

तलाठी पंचनाम्याला येईल तेव्हा घराचं नुकसान तुमच्या नावावर आणि सामानाचं भाडेकरूच्या नावावर लिहून घ्या. भाडेकरूकडे पत्त्याचा पुरावा नसतो म्हणून तो मदतीतून वगळला जातो. कराराची प्रत आणि ‘हे इथे राहतात’ असं सहीचं पत्र तयार ठेवा, वरच्या मजल्यावर.

कायदाही माहीत असू द्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत. हे कलम कायद्याच्या अर्थाने जो ‘भाडेकरू’ आहे त्याच्यासाठी आहे, अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्समध्ये त्यावर विसंबू नका, दुरुस्तीची अट करारातच लिहा. आणि घर रिकामं व्हावं म्हणून पाणी किंवा वीज तोडून ठेवणं कलम २९ खाली गुन्हा आहे, पुराचं निमित्त असलं तरी.