कासला निघताय? आधी फडकं घ्या

सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलांचे फोटो काढायला निघताय ना, मग सगळ्यात आधी एक कोरडं सुती फडकं झिपच्या पिशवीत घाला. बाकीचं नंतर. मागच्या खेपेला माझ्याकडे सगळं होतं, फक्त फडकं नव्हतं. एसी गाडीतून थंडगार कॅमेरा धुक्यात बाहेर काढला आणि लेन्सवर वाफ धरली. समोर सोनकीच्या फुलावर मधमाशी निश्चल लोंबत होती, तिच्याखाली पाकळ्यांसारखाच पिवळा खेकडा-कोळी, तिला मानेशी घट्ट धरून. ओल्या शर्टाने काच पुसली, सगळा चिखलराडा झाला. फोटो गेला. म्हणून एसी साताऱ्यातच बंद करा आणि फडकी दोन घ्या. एक भिजतंच.

बॅटरी, कार्ड, रेनकोट हे सांगायला नको. ऑनलाइन बुकिंग आधी करा, शनिवार-रविवार टाळा.

लेन्स शक्यतो १०० मिमीची मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारी. त्याहून लहान घेतलीत तर फुलाच्या अगदी जवळ जावं लागतं आणि पाय वाटेबाहेर पडतो. तो पडू देऊ नका. जांभ्या कातळावर मातीचा नुसता पातळ थर असतो, त्यातच सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली झाडं उगवतात. एका बुटाखाली किती चिरडतात ते वाकून बघा एकदा. दवबिंदूच्या पानावरचे थेंब म्हणजे दव नव्हे, चिकट रस असतो. त्यात एखादं चिलट हमखास अडकलेलं सापडतं. गुडघे टेकायला वाटेवरच पोतं अंथरा. स्प्रेने पाणी मारून खोटं दव पाडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. किडे हलवू नका, फूल तोडू नका. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, ती तर नाहीच नाही.

वारा फार असतो. आडोशाला छत्री धरायला कुणीतरी सोबत हवं. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८ ते ११, फोकस किड्याच्या डोळ्यावर. फुलावरची माशी बराच वेळ हललीच नाही, तर तिच्याखाली कोळी शोधा. आणि त्या क्षणी काच स्वच्छ हवी. फडकं!

परतताना अंगावर जळवा चिकटल्यात का ते बघा. घरी आल्यावर कार्ड रिकामं करा, लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी. फडकी धुऊन, वाळवून परत त्याच पिशवीत.